पिंटरची छोटी राजकीय नाटकं एकाच प्रयोगात कशी बसवावीत?

हॅरॉल्ड पिंटर या ब्रिटिश नाटककाराची कुठली छोटी राजकीय नाटकं घेऊन सव्वा तासाचा प्रयोग होईल आणि तालमीत काय सांभाळावं, असं तुम्ही विचारलंय. मी तीन घेईन, याच क्रमाने: ‘द न्यू वर्ल्ड ऑर्डर’ (1991, दहाएक मिनिटं), ‘माउंटन लँग्वेज’ (1988, वीस-पंचवीस) आणि ‘वन फॉर द रोड’ (1984, अर्धा तास). ‘प्रिसाइजली’ (1983) वाचायला मजेदार आहे, पण अणुयुद्धातल्या मृतांच्या आकड्यावरची ती घासाघीस आज शीतयुद्धाची पार्श्वभूमी सांगितल्याशिवाय पोचत नाही.

या तिन्हींत छळ रंगमंचावर जवळजवळ दिसतच नाही, तो प्रवेशांच्या मध्ये उरकलेला असतो. म्हणून नट ओरडायला लागले की प्रयोग फसला. ‘वन फॉर द रोड’मध्ये निकोलस हा अधिकारी कैदेतल्या नवरा-बायको आणि त्यांचा मुलगा निकी यांची चौकशी करतो. तो व्हिस्की ओततो, पाहुणचार केल्यासारखा गोड बोलतो आणि समोरच्याच्या डोळ्यांपुढे बोट नाचवतो. प्रत्येक पेला कुठल्या वाक्यावर ओतायचा ते पहिल्या आठवड्यातच ठरवा आणि तालीम खऱ्या बाटलीनेच करा (आत कोरा चहा). नाहीतर ओतण्याच्या नादात वाक्यांची लय तुटते. शेवटी निकीबद्दल तो एकच वाक्य भूतकाळात बोलतो, त्यावरून मूल गेल्याचं कळतं. त्याआधी विराम नको, पार्श्वसंगीत तर नकोच. सात वर्षांच्या निकीसाठी आठ-नऊ वर्षांचा मुलगा चालेल. त्याची तालीम फक्त त्याच्या प्रवेशापुरती ठेवा.

‘माउंटन लँग्वेज’मध्ये म्हातारी तुरुंगातल्या आपल्या मुलाला भेटायला येते. भाकरी आणलीय एवढं बोलली की पहारेकरी काठीने ढोसतो: तिच्या डोंगरी भाषेला बंदी आहे. संहितेत मायलेकांचा हेल ग्रामीण सांगितलाय. मराठीत इथेच घात होतो: ठसका वाढवला की प्रेक्षक हसतो. हेल हलका ठेवा. अर्ध्या अंधारातले त्यांचे मनातले संवाद त्याच नटांच्या आवाजात, माइक जवळ धरून, प्रतिध्वनी न देता रेकॉर्ड करा. तेव्हा दोघेही अगदी स्तब्ध. आणि नेपथ्यात देश दाखवू नका. तुर्कस्तानातल्या कुर्द लोकांच्या भाषाबंदीतून विषय सुचला हे खरं, तरी पिंटरने पात्रांना सारा जॉन्सन, चार्ली अशी इंग्रजी नावं मुद्दाम दिली आहेत.

‘द न्यू वर्ल्ड ऑर्डर’ सोपं वाटतं, पण डेस आणि लायोनेल हे दोन छळ करणारे विनोदी जोडी होऊन बसतात. त्यांच्यासमोर डोळ्यांवर पट्टी बांधून बसवलेल्या माणसाने थरथरू नये, नुसतं ऐकावं.

पिंटर 24 डिसेंबर 2008 ला गेला, म्हणजे भारतात स्वामित्वहक्क 2068 अखेरपर्यंत. भाषांतराची परवानगी वेगळी मागावी लागते. अर्जात तिन्ही नाटकं आणि त्यांचा क्रम लिहा. महाराष्ट्रात जाहीर प्रयोगासाठी संहिता तपासणाऱ्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्रही लागतं. शिव्या गाळून संहिता पाठवायची आणि प्रयोगात परत घालायच्या, हा उद्योग करू नका.