सिनेमाच्या पुढच्या भागाची बातमी खरी की अफवा, हे कसं ओळखायचं?

तुम्ही विचारलंय की धुळ्यात तुमच्या कॉलेजच्या ग्रुपवर रोज कुणीतरी 'ॲव्हेंजर्स: डूम्सडे'चा नवा ट्रेलर टाकतो, कुणी 'केजीएफ 3'ची तारीख टाकतो, कुणी 'हेराफेरी 3' बंद पडला म्हणून जाहीर करतो. यातलं खरं काय ते कसं ओळखायचं आणि मित्रांशी लावलेल्या पैजा हरणं कसं थांबवायचं?

काही वर्षं मी चाळीसगावकडच्या एका एकपडदा टॉकीजचं बुकिंग सांभाळत होतो. ईदला कुठला सिनेमा लागणार आणि तो खरंच लागणार का, यावर आमचा पगार चालायचा. त्यामुळे असल्या बातम्या चाळायची सवय लागली, ती आजही सुटलेली नाही. गल्लीतली पोरं अजूनही विचारतात, "खरं शे का भो हाई?"

आपल्याकडे केळीच्या बागेचा सौदा तोंडी कितीही रंगला तरी इसार, म्हणजे सौदा पक्का करायची आगाऊ रक्कम, हातात पडेपर्यंत बाग मोकळीच असते. सिनेमाच्या बातमीलाही मी हाच प्रश्न विचारतो: इसार कुणी दिला? म्हणजे ही बातमी खोटी निघाली तर कुणाचे पैसे बुडणार आहेत? कुणाचेच बुडणार नसतील तर ती नुसती गप्पा समजायची. मग ती कितीही मोठ्या चॅनेलवर येवो.

आधी ट्रेलरचं बघू, कारण सगळ्यात जास्त फसगत तिथेच होते. यूट्यूबवर जुन्या सिनेमांचे तुकडे आणि एआयने बनवलेली दृश्यं जोडून 'कॉन्सेप्ट ट्रेलर' बनवणारे चॅनेल आहेत. त्यातलं एक गाजलेलं चॅनेल, स्क्रीन कल्चर, तर भारतातलंच होतं. मार्च 2025 मध्ये 'डेडलाइन' या हॉलिवूडच्या व्यवसायपत्राने या धंद्यावर मोठी बातमी केली, त्यानंतर यूट्यूबने अशा दोन मोठ्या चॅनेलचं जाहिरातीचं उत्पन्न बंद केलं आणि डिसेंबर 2025 मध्ये ती चॅनेलच काढून टाकली. त्याच बातमीत कळलं की काही स्टुडिओ हे खोटे ट्रेलर काढून टाकायला सांगण्याऐवजी त्यांच्या जाहिरातीचे पैसे स्वतःकडे वळवून घेत होते. म्हणजे खोट्या ट्रेलरवर खरा स्टुडिओ कमावत होता! असं असताना कुणीतरी वरून येऊन हा सगळा कचरा साफ करेल, ही आशा सोडा. ट्रेलर स्टुडिओच्या स्वतःच्या चॅनेलवर आहे का, एवढं बघा. नसेल तर पुढे ढकलू नका. यात याहून जास्त डोकं लावण्यासारखं काही नाही.

अवघड भाग पुढे आहे. बातमी अर्धी खरी असते तेव्हा काय करायचं?

माझे मामा भुसावळला एका वितरकाच्या कचेरीत कामाला होते. भुसावळ जंक्शन, त्यामुळे रिळांच्या पेट्या तिथून गाडीने गावोगाव जायच्या. मामा सांगायचे, टॉकीजच्या काचेच्या पेटीत 'आगामी आकर्षण' म्हणून जे फोटो लागायचे, त्यातले कितीतरी सिनेमे त्या गावात कधी आलेच नाहीत. पण फोटो लावायला मालकाला काय खर्च होता? उलट मध्यंतरात लोक त्या पेटीसमोर गर्दी करायचे. मामांचा हिशोब सोपा होता: स्टेशनवर पेटी उतरली की सिनेमा आला. माझ्या वेळेपर्यंत पेटी गेली आणि केडीएम आली. सिनेमा हार्ड डिस्कवर किंवा उपग्रहावरून आमच्याकडे पोचलेला असायचा, पण कुलूपबंद. केडीएम म्हणजे ते कुलूप उघडणारी डिजिटल किल्ली, ठरावीक पडद्यासाठी आणि ठरावीक दिवसांपुरती. बाहेर पोस्टर झळकतंय, तिकिटं विकली गेलीत आणि गुरुवारी रात्रीपर्यंत किल्लीच आली नाही, असं झालं की शुक्रवारचा पहिला शो देवाच्या भरवशावर.

हे एवढ्यासाठी सांगितलं की सिनेमाची बातमी एकतर खरी नाहीतर खोटी, अशी नसते. ती हळूहळू पक्की होत जाते आणि प्रत्येक टप्प्यावर कुणाचे तरी पैसे अडकत जातात.

'बोलणी सुरू आहेत' हा सर्वांत कच्चा टप्पा. हॉलिवूडमध्ये 'व्हरायटी', 'डेडलाइन', 'हॉलिवूड रिपोर्टर' अशा व्यवसायपत्रांत अशी बातमी आली तरी तिच्यामागे बऱ्याचदा नटाच्या एजंटाला भाव वाढवून हवा असतो किंवा स्टुडिओला पब्लिकचा अंदाज घ्यायचा असतो. ही पत्रं सहसा खोटं छापत नाहीत, कारण तिथे नाव गेलं की धंदा गेला. पण 'बोलणी' याचा अर्थ बोलणीच. आपल्याकडे त्याच तोडीची बातमी म्हणजे 'नाव रजिस्टर केलं'. निर्मात्यांच्या संघटनांकडे सिनेमाचं शीर्षक नोंदवायला फार पैसे पडत नाहीत, म्हणून निर्माते ढीगभर नावं अडवून ठेवतात. अमक्या सिनेमाच्या तिसऱ्या भागाचं नाव नोंदवलं, म्हणून तिसरा भाग येतोच असं नाही. 'केजीएफ 3'चंही तेच. एप्रिल 2022 मध्ये आलेल्या दुसऱ्या भागाच्या शेवटी तिसऱ्याची चाहूल दिली, तेव्हापासून तुमच्या ग्रुपसारखे हजार ग्रुप तारखा वाटत बसलेत. चाहूल द्यायला निर्मात्याला एक पैसा पडला नाही.

पुढचा टप्पा घोषणेचा. इथे लोक सर्वांत जास्त फसतात, कारण घोषणा कंपनीनेच केलेली असते. जुलै 2022 मध्ये सॅन दिएगोच्या कॉमिक-कॉन या चाहत्यांच्या मेळाव्यात 'ॲव्हेंजर्स' बनवणाऱ्या मार्व्हल कंपनीचा प्रमुख केव्हिन फायगी याने मंचावरून सांगितलं की 'ॲव्हेंजर्स: द कँग डायनॅस्टी' 2 मे 2025 ला येणार. नाव ठरलं, तारीख ठरली, पडद्यावर लोगोही झळकला. त्यातल्या खलनायक कँगचं काम करणारा जोनाथन मेजर्स डिसेंबर 2023 मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टात दोषी ठरला आणि त्याच दिवशी मार्व्हलने त्याच्याशी संबंध तोडले. तो सिनेमा त्या नावाने कधी बनलाच नाही. मार्व्हलच्याच 'ब्लेड'चं तर विचारूच नका. महर्शला अलीला मंचावर बोलावून 2019 मध्ये घोषणा केली, मग तारखा बदलत गेल्या आणि ऑक्टोबर 2024 मध्ये तो वेळापत्रकातूनच निघाला. ज्यांनी 2019 ला पैज मारली त्यांच्या तोंडचं पाणी पळालं असेल.

मग शूटिंग झालं की काम पक्कं? तसंही नाही. वॉर्नर ब्रदर्सने ऑगस्ट 2022 मध्ये 'बॅटगर्ल' रद्द केला, तेव्हा शूटिंग संपलेलं होतं आणि सुमारे 9 कोटी डॉलर खर्च झाले होते. तो प्रदर्शित करण्यापेक्षा तोटा दाखवून करात सूट घेणं परवडलं, असा हिशोब तेव्हा सांगितला गेला. इसार देऊन, बाग कापून, माल गाडीत भरून मग सौदा मोडला! असं क्वचित होतं, पण होतं.

आता 'हेराफेरी 3'. हे उदाहरण मला फार आवडतं, कारण इथे इसाराची भाषा जशीच्या तशी लागू पडते. मे 2025 मध्ये बाबूभैयाचं काम करणारे परेश रावल सिनेमातून बाहेर पडले. ते चिडून एखादी मुलाखत देऊन थांबले असते तर मी म्हटलं असतं, प्रसिद्धीचा खेळ आहे, थांबा. पण अक्षय कुमारच्या कंपनीने त्यांना 25 कोटींची नोटीस पाठवली आणि रावल यांनी सायनिंगचे 11 लाख रुपये 15 टक्के व्याजासकट परत केल्याचं छापून आलं. इसार परत गेला, तोही व्याजासकट! म्हणजे भांडण खरं. त्या आठवड्यात 'बाबूभैया नाही' यावर पैज लावणारा बरोबरच होता. आणि जून संपता संपता रावल परत आले. म्हणून त्या दिवशी पैज लावणारा मूर्ख ठरत नाही. त्याने फक्त पैज कुठल्या तारखेपर्यंतची आहे ते ठरवून घ्यायला हवं होतं.

(बाबूभैयाशिवाय 'हेराफेरी' मी तरी पाहिला नसता. पण ते माझं मत झालं, बातमी नव्हे.)

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या: नटाच्या नकाराला काही किंमत नसते. 2021 मध्ये आधीच्या सिनेमांतला स्पायडर-मॅन अँड्र्यू गारफिल्ड मुलाखतीमागून मुलाखतीत सांगत होता, मी 'स्पायडर-मॅन: नो वे होम'मध्ये नाही. डिसेंबरात सिनेमा लागला आणि तो पडद्यावर आला तेव्हा टॉकीजमध्ये जो आरडाओरडा झाला तो मी डोळ्यांनी पाहिलाय. करारातच गुप्ततेचं कलम असेल तर माणूस 'हो' म्हणेल कसा? नकार देऊन त्याचं काही बुडत नाही. होकार दिला तर करार मोडतो. त्यामुळे नकार ऐकायचा आणि सोडून द्यायचा.

मात्र नकारातले शब्द नीट वाचले तर कधीकधी फार काही हाती लागतं. डिसेंबर 2023 मध्ये फायगीने सांगितलं की टोनी स्टार्कचा, म्हणजे रॉबर्ट डाउनी ज्युनियरने केलेल्या आयर्न मॅनचा, मरतानाचा तो शेवटचा क्षण आम्ही जपणार, त्याला पुन्हा हात लावणार नाही. लोकांनी अर्थ काढला की रॉबर्ट डाउनी ज्युनियर परत येत नाही. जुलै 2024 ला त्याच कॉमिक-कॉनच्या मंचावर डाउनीने मुखवटा काढला, पण तो डॉक्टर डूम या खलनायकाच्या रूपात. फायगी खोटं बोलला का? शब्दशः नाही. तो टोनीबद्दल बोलला होता, डाउनीबद्दल नव्हे. वकिलाचा कागद वाचावा तशी ही माणसं वाचावी लागतात.

भारतीय सिनेमासाठी माझी सर्वांत भरवशाची खूण सेन्सॉरची. सर्टिफिकेट झालं, मिनिटांसकट लांबी बाहेर आली, की सिनेमा तयार आहे आणि निर्माता तारखेच्या जवळ आहे. 'पुष्पा 2' आधी 15 ऑगस्ट 2024 ला येणार होता. आमच्याकडे स्वातंत्र्यदिनाच्या आठवड्यात दुसरं काही लावायचं नाही असं ठरलं होतं. तारीख डिसेंबरवर गेली आणि तो आठवडा जे मिळेल त्याने भरून काढावा लागला. नोव्हेंबरात सर्टिफिकेट झाल्याची आणि 3 तास 20 मिनिटांची बातमी आली तेव्हा मात्र निवांत झालो, आणि दिवसाचे शो कसे बसवायचे या दुसऱ्याच काळजीला लागलो. 5 डिसेंबरला सिनेमा लागला. हिंदीत त्याला आवाज आपल्या श्रेयस तळपदेचा. तोच परत येणार का, यावरही गावात पैजा लागल्या होत्या. आमच्या पब्लिकला हिंदीतला पुष्पाच खरा पुष्पा.

फॅन लोकांच्या अफवांना मी शिव्या देत नाही, हेही सांगून ठेवतो. शेजारच्या मालेगावचंच बघा. ते जिल्ह्याने नाशिकात, पण गिरणेचं पाणी पुढे चाळीसगाव-भडगावकडेच येतं, म्हणून आम्ही ते आमचंच धरतो. तिथल्या नासिर शेखने 2000 च्या सुमारास 'मालेगाव के शोले' बनवला. मुंबईच्या निर्मात्याची वाट बघत बसला नाही. पुढे 'मालेगाव का सुपरमॅन' बनत असताना फैजा अहमद खान यांनी त्यावर माहितीपट केला आणि फेब्रुवारी 2025 मध्ये रीमा कागती यांचा 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव' टॉकीजला लागला. आवडत्या सिनेमाचा पुढचा भाग कसा असावा हे मनात रंगवणं, हा फॅनचा हक्क आहे. नासिर शेखने फक्त त्यात स्वतःच्या खिशातला पैसा घातला आणि 'हा मालेगावचा आहे' असं नावातच लिहिलं. कॉन्सेप्ट ट्रेलरवाले बऱ्याचदा तेवढं लिहीत नाहीत, भांडण एवढंच आहे.

आता तुमच्या ग्रुपवरच्या 'डूम्सडे'बद्दल. डाउनी त्यात आहे, हे कंपनीने मंचावर सांगितलंय. मार्च 2025 मध्ये मार्व्हलने तासन् तास नटांची नावं लिहिलेल्या खुर्च्या दाखवत बसून 27 नटांची नावं जाहीर केली, ती यादी पक्की समजा. पण यादीत नसलेला कुणी नाहीच, असं समजू नका. तारीख आधी 1 मे 2026 होती, मे 2025 मध्ये ती 18 डिसेंबर 2026 केली. टोनी स्टार्क परत येणार, असं कंपनीने कुठेही सांगितलेलं नाही. तेव्हा मित्र पैजेला बसला की आधी त्याच्याकडून लिहून घ्या की पैज 'डाउनी दिसेल' यावर आहे की 'टोनी दिसेल' यावर. पहिल्या पैजेत तुम्ही त्याच्याच बाजूने बसा. दुसरीत मी असतो तर नकाराच्या बाजूने चहा-भजी एवढंच लावलं असतं, त्याहून जास्त नाही.