निगेटिव्ह, तरी गोळ्या का?

प्रश्न : सासूबाईंच्या लघवीच्या कल्चर रिपोर्टमध्ये ‘ग्रॅम निगेटिव्ह बॅसिलाय’ असं आलंय. निगेटिव्ह म्हणजे जंतू नाहीत ना? मग डॉक्टरांनी गोळ्या कशासाठी दिल्या? आणि जंतूंचं वजन ग्रॅममध्ये करतात का?
– एक वाचक, मिरज

उत्तर : आधी गोळ्या चालू ठेवा, मग पुढचं वाचा. एकतीस वर्षं मी लॅबमध्ये स्लाइड रंगवल्या आणि रिपोर्टच्या खिडकीवर हाच प्रश्न ऐकला. एक आजोबा तर ‘निगेटिव्ह’ वाचून आम्हाला पेढे घेऊन आले होते!

ग्रॅम हे वजन नव्हे, आडनाव. हान्स ख्रिश्चन ग्रॅम हा डेन्मार्कचा डॉक्टर. न्यूमोनियाने दगावलेल्यांच्या फुप्फुसात जंतू उठून दिसावेत म्हणून बर्लिनमध्ये त्याची रंगांशी खटपट चालली होती. १८८४ साली त्याने ती पद्धत छापली. काही जंतू रंग धरून ठेवत, काही सोडून देत. पॉझिटिव्ह-निगेटिव्ह ते एवढंच.

आम्ही काय करायचो सांगते. नमुना काचेवर पसरून वाळवायचा, ज्योतीवरून दोन-तीनदा फिरवायचा. त्यावर जांभळा क्रिस्टल व्हायोलेट मिनिटभर, मग आयोडीन मिनिटभर, मग अल्कोहोल. सगळी मेख इथे. धार काही सेकंद जास्त पडली की ज्याचा रंग टिकायला हवा त्याचाही उतरतो. शेवटी गुलाबी सॅफ्रॅनिन. शिकाऊ असताना मी दह्याची स्लाइड केली. दह्यातले जंतू जांभळे दिसायला हवेत, माझे सगळे गुलाबी. आमच्या मॅडम सूक्ष्मदर्शकातून डोकं वर न काढता म्हणाल्या, “दही नासवलंस की गं!”

हा फरक पेशीच्या भिंतीचा. पॉझिटिव्ह जंतूंची भिंत पेप्टिडोग्लायकनची, जाळीवर जाळी रचावी तशी जाड. अल्कोहोलने ती आवळते आणि रंग आतच अडकतो. निगेटिव्हची जाळी अगदी पातळ, पण तिच्यावर स्निग्ध पदार्थाचं आणखी एक आवरण. अल्कोहोलने ते फाटतं, जांभळा रंग वाहून जातो आणि नंतरचा गुलाबी दिसतो. भिंतीच्या आत मात्र दोघांचा संसार सारखाच: केंद्रक नाही, डीएनएचं वेटोळं मोकळंच पडलेलं, आणि प्रथिनं बनवणारे रायबोसोम.

बॅसिलाय म्हणजे दांडीच्या आकाराचे. गोल असले तर कॉकाय: माळेत असतील तर स्ट्रेप्टो, द्राक्षांसारख्या घोसात असतील तर स्टॅफिलो. लघवीच्या संसर्गात बहुतेक वेळा सापडतो तो ई. कोलाय, लांबी साधारण दोन मायक्रोमीटर. एका मिलिमीटरात असे पाचशे एकामागे एक उभे राहतील. टीबीचा जंतू या दोन्ही खात्यांत नीट बसत नाही. त्याची भिंत मेणचट, म्हणून त्याला रंगच वेगळा लावतात.

डॉक्टरांना हे कळून उपयोग काय? निगेटिव्हचं ते बाहेरचं आवरण काही औषधांना दारातच अडवतं. साधं पेनिसिलिन ई. कोलायवर फारसं चालत नाही, व्हॅन्कोमायसिन तर आत शिरतच नाही. म्हणून रिपोर्टखाली औषधांची यादी असते. नावापुढे ‘एस’ असेल तर ते औषध लागू पडेल, ‘आर’ असेल तर जंतू त्याला दाद देणार नाही. सासूबाईंची गोळी त्या यादीत शोधा. ‘आर’ दिसलं तर आजच डॉक्टरांना फोन करा.

आणि जंतू वाढलेच नाहीत तर रिपोर्टमध्ये ‘नो ग्रोथ’ लिहितात. पेढे तेव्हा.