तेराव्यानंतर कोण येतं

प्रिय सई,

परवा गाडीत तू एका दमात दोन प्रश्न विचारलेस. आबा गेले तेव्हा जो येईल तो आजीला "कसं झालं?" हेच विचारत होता आणि ती बिचारी दरवेळी पहिल्यापासून सांगत होती, हा छळ नव्हता का? आणि आता तुझ्या मैत्रिणीचे बाबा गेलेत, तर तिच्या घरी जायचं की इथल्या रीतीनं कार्ड पाठवून तिला एकटं सोडायचं? सिग्नल सुटेपर्यंत सांगून होईल असं ते नव्हतं, म्हणून लिहितेय.

आधी आजीचं. तुला ती एकच गोष्ट वाटली, पण ती रोज थोडी बदलत होती. पहिल्या दिवशी ती फक्त पहाटेचं सांगायची. आबांनी पाणी मागितलं, ती आत गेली, बाहेर येईतो सगळं आटोपलं होतं. तिथंच अडकायची. मग हळूहळू त्यात आदल्या संध्याकाळचं आलं, आबा औषधावरून कसे चिडले ते आलं. दहाव्याच्या सुमारास तर ते सांगताना ती हसलीसुद्धा. "मी आत गेलेच नसते तर" हे ती प्रत्येकापाशी म्हणायची आणि प्रत्येक जण आपापल्या परीनं ते खोडून काढायचा. मी एकटीनं शंभरदा सांगितलं असतं तरी तिला पटलं नसतं. लेक आपली समजूत काढतेय, एवढंच तिनं मनात धरलं असतं.

पण हा प्रश्न कुठंही विचारावा असं नाही. आबा ऐंशी ओलांडून, घरात, स्वतःच्या अंथरुणावर गेले. मी कॉलेजात असताना आमच्या गल्लीतला एक तरणा मुलगा अपघातात गेला. तेव्हा शेजारच्या दोघीजणी त्या घराच्या पायरीवर बसून असायच्या. येईल त्याला काय झालं ते बाहेरच सांगायच्या आणि "आत काही विचारू नका, नुसतं बसा" म्हणून बजावायच्या. जागतिक आरोग्य संघटनेनं 2011 मध्ये मानसिक प्रथमोपचाराची एक पुस्तिका काढली. तिच्यातही हेच आहे: घडलेलं सांगायला भाग पाडू नका, माणूस बोलला तर ऐका, त्याची निकड बघा, त्याच्या माणसांशी त्याची गाठ घालून द्या. त्या दोघींनी असलं काही वाचलेलं असण्याची शक्यता नाही.

आता, तुझ्या नजरेतून सुटलं असेल ते सांगते. त्या दिवसांत आपल्याला कुणी "काही लागलं तर सांगा" म्हणालं नाही. म्हणजे म्हणाले असतील, पण वाट बघत बसले नाहीत. घरात चूल पेटत नाही, म्हणून कडू घास भावकीतल्या घरून आला. मग रोज कुणाकडून पिठलं-भाकरी, कुणाकडून आमटी-भात. चहाचा थर्मास कुणाचा हे शेवटपर्यंत कळलं नाही. तिसऱ्या दिवशी सावडायला कोण कोण जाणार, दशक्रियेला भटजी कोण, पाहुण्यांना फोन कुणी करायचे, हे काका लोकांनी आपसात ठरवून टाकलं. मृत्यूची नोंद 21 दिवसांच्या आत करावी लागते. त्यासाठी समोरच्या घरातला मुलगाच आबांचं आधार कार्ड मागून घेऊन ग्रामपंचायतीत गेला. दुःखातल्या माणसाला आपल्याला काय हवंय हेच सुचत नसतं. त्याला "सांग" म्हणणं म्हणजे त्याच्यावर आणखी एक काम टाकणं. रात्री आजीच्या शेजारी अंथरूण टाकायला मालनमावशी आली तीसुद्धा न विचारताच. ती घोरते, आजीला झोप लागेना, पण हाकलली नाही तिला.

आपलं सगळंच चांगलं, असं मात्र मी तुला शिकवणार नाही. याच गर्दीतल्या दोन बायका पहिल्या दिवशी आजीच्या बांगड्या फोडायला पुढं झाल्या होत्या. मोठ्या काकूनं त्यांचा हात धरला, म्हणून ते टळलं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं 2022 च्या मे महिन्यात ठराव करून कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं बंद केलं. त्याच महिन्यात राज्य शासनानं परिपत्रक काढून बाकीच्या गावांनाही हे करायला सांगितलं. आधार द्यायला आलेली माणसंच ओरबाडूनही जातात. अशा वेळी मोठ्या काकूसारखं कुणीतरी जवळ असावं लागतं.

दुसरी उणीव तेराव्यानंतरची. गोडाचं जेवण झालं, मांडव उतरला, गाड्या गेल्या. आजीला खरं जड गेलं ते तेव्हा. आपणही परत आलो. इथं ऑफिसनं दिलेली रजा तीन दिवसांची होती, पुढचे दिवस मी माझ्या सुट्टीतून काढले, ती संपली. पुढं वर्षभर आजीला सावरलं ते एकाच माणसानं. रोज चारच्या चहाला मालनमावशी यायची. आबांचा विषय निघाला तर निघाला, नाहीतर निवडायला आणलेली मेथी असायचीच. तरी आजीला झोप येईना, जेवण तुटलं, तेव्हा मामानं तिला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी मानसोपचारतज्ज्ञाची चिठ्ठी दिली. "मला काय वेड लागलंय का" म्हणून ती रुसली, पण गेली. भारत सरकारची टेलि-मानस म्हणून 14416 या क्रमांकाची सेवा आहे, मराठीतही बोलतात. तो नंबर मी तिच्या फोनमध्ये घालून ठेवलाय. शेजारी बसणाऱ्यांच्या आवाक्यापलीकडचंही काही असतं.

आणि दुःखातल्या घरी असं जाऊन बसणं ही काही फक्त आपली मिरासदारी नाही. आपल्या शेजारच्या ज्यू आजींकडे सात दिवस घरी बसून शोक पाळतात. भेटायला येणारे जेवण घेऊन येतात, आणि घरचं माणूस बोलेपर्यंत स्वतः बोलायचं नाही अशी रीत आहे. मला ती आपल्या "कसं झालं?" पेक्षा जास्त आवडली, खरं सांगायचं तर.

म्हणून तुझ्या मैत्रिणीकडे जा. काय बोलू, याची काळजी करू नकोस. "तुझ्या बाबांचं कळलं, फार वाईट वाटलं" एवढं पुरे. काय झालं ते तू विचारू नकोस. ती सांगायला लागली तर मध्ये तोडू नकोस, आणि उद्या पुन्हा तेच सांगितलं तर "हे सांगितलंस" म्हणू नकोस. "ते आता चांगल्या जागी असतील" वगैरे अजिबात नाही. तिला बोलायचं नसेल तर तुमचा तो गेम खेळा. ती हसली तर बिचकू नकोस. तुझ्या मेसेजला उत्तर आलं नाही म्हणून मनाला लावून घेऊ नकोस. आठवड्यानं दुसरा पाठव, त्याच्या पुढच्या आठवड्यात तिसरा. कार्ड पाठवणारे तोवर पांगलेले असतील. तिच्या बाबांचा वाढदिवस मार्चमध्ये असतो ना? कॅलेंडरमध्ये लिहून ठेव.

शनिवारी दहाला मी तुला तिथं सोडते. तिच्या आईशी बोलले, त्या ये म्हणाल्या. त्यांच्या कुत्र्याला रोज संध्याकाळी तू फिरवशील, असं मी परस्पर सांगून टाकलंय.

तुझी
आई