संसर्गरोग तज्ज्ञ नुसते प्रश्न विचारून गेले, ते पेशंटसाठी नक्की करतात काय?

तुम्ही लिहिलंय की वडिलांचा ताप उतरेना म्हणून आयडीच्या (इन्फेक्शियस डिसीज, म्हणजे संसर्गरोगाच्या) डॉक्टरांना बोलावलं, त्यांनी भरपूर प्रश्न विचारले, दोनपैकी एक अँटिबायोटिक बंद केलं आणि गेले. मी मायक्रोबायोलॉजी लॅबमध्ये काम करते, या डॉक्टरांशी रोज बोलणं होतं, त्यामुळे सांगते, तुम्ही जे पाहिलंत तेच त्यांचं मुख्य काम आहे.

ताप वरून सगळ्यांचा सारखाच दिसतो, पण जंतू कुठून आला असेल ते माणसाच्या रोजच्या जगण्यातून कळतं. कच्चं दूध प्यायलात का विचारतात कारण ब्रुसेलोसिस (जनावरांकडून माणसाला होणारा तापाचा आजार) तिथून होतो, पुराच्या पाण्यातून चाललात का विचारतात कारण लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या लघवीतून पाण्यात येणाऱ्या जंतूचा आजार) तसा होतो, मग प्रवास, जनावरं, आधी झालेला टीबी, शरीरात बसवलेली झडप किंवा सांधा, लैंगिक संबंधसुद्धा. वडिलांना म्हणावं संकोच करू नका, खरं ते सांगा.

आता लॅबचं. ब्लड कल्चरमध्ये, म्हणजे रक्त खास बाटल्यांत ठेवून त्यात जंतू वाढतात का ते बघतो त्यात, जंतू वाढायला बहुतेक वेळा 1-2 दिवस जातात, कुठलं औषध लागू पडेल ते कळायला अजून एखादा दिवस, तोपर्यंत पेशंट सिरियस असेल तर अंदाजाने स्ट्राँग औषध द्यावंच लागतं. रिपोर्ट आला की हे डॉक्टर ते बदलून नेमकं औषध देतात. आणि रिपोर्टमध्ये जंतू आला म्हणजे आजार आहेच असंही नसतं हं, कधी रक्त काढताना त्वचेवरचाच जंतू बाटलीत जातो, कधी लघवीत जंतू असतात पण त्रास काहीच नसतो, अशांना गरोदरपणासारखे काही अपवाद सोडले तर औषध लागत नाही. जंतू खरा की त्वचेवरचा हे ठरवायला आमच्याकडे फोन करून किती बाटल्यांत वाढ झाली, किती तासांनी झाली हे खोदून विचारणारे बहुतेक वेळा हेच डॉक्टर असतात, आणि मला त्याचं फार कौतुक वाटतं.

याउलट रक्तात स्टॅफ ऑरियस निघाला की ते अजिबात हयगय करत नाहीत. हा जंतू हृदयाच्या झडपेवर, मणक्यात जाऊन बसतो, म्हणून टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) करायचा, रक्त स्वच्छ होईपर्यंत पुन्हा पुन्हा कल्चर पाठवायचं, जंतू आला कुठून ते शोधायचं, पू असेल तर काढायला लावायचा, आणि शिरेतून कमीत कमी 2 आठवडे औषध, झडपेवर गेला असेल तर साधारण 4 ते 6 आठवडे. अशा पेशंटना आयडीच्या डॉक्टरांनी पाहिलं तर मृत्यू कमी होतात हे बऱ्याच अभ्यासांत दिसलंय.

औषध बंद केलं म्हणून घाबरू नका. अँटिबायोटिकनेच ताप येऊ शकतो, किडनीवर ताण येऊ शकतो, पोटातले चांगले जंतू मरून जोराचे जुलाब लागू शकतात. शिवाय लांबलेला ताप कधीकधी इन्फेक्शनचा नसतोच, लिम्फोमा (लसीका ग्रंथींचा कॅन्सर) किंवा संधिवाताच्या प्रकारातला निघतो, ते ओळखून योग्य डॉक्टरकडे पाठवणं हेही यांचंच काम.

तुम्ही एवढं करा, जुने रिपोर्ट आणि सगळ्या गोळ्यांची यादी त्यांना दाखवा, बीपी-शुगरच्यासुद्धा, कारण टीबीचं रिफाम्पिसिन बऱ्याच औषधांचा असर कमी करतं. कुठलं औषध कशासाठी आणि किती दिवस ते स्पष्ट विचारा. आणि टीबीचं कल्चर पाठवलं असेल तर ते निगेटिव्ह आहे हे पक्कं सांगायला 6 ते 8 आठवडे लागतात, तोवर तुम्ही घरी गेलेले असाल, तेव्हा डिस्चार्जच्या वेळी सँपलचा नंबर लिहून घ्या आणि फायनल रिपोर्ट स्वतः मागून घ्या.