मेणबत्ती विझली, पाणी चढलं, पण कशामुळे?

प्राथमिकच्या मुलांबरोबर प्रयोग करणाऱ्या शिक्षकांची आणि पालकांची या अंकासाठी निवडलेली पत्रं. पहिल्या पत्राला मुद्दाम जास्त जागा दिली आहे. तो प्रयोग सोपा आहे, पण बऱ्याच ठिकाणी चुकीचा समजावला जातो.

प्रश्न : चौथीच्या वर्गात पेटत्या मेणबत्तीवर ग्लास पालथा घालून पाणी चढण्याचा प्रयोग केला. ‘ऑक्सिजन जळून गेला, त्याची जागा पाण्याने घेतली, म्हणून पाणी एक पंचमांश चढलं’ असं सांगायचं होतं. पण एका गटाचं पाणी जेमतेम बोटभर चढलं, दुसऱ्याचं थेट ग्लासच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत. मुलांचं काय चुकलं?

उत्तर : मुलांचं काहीच चुकलेलं नाही. स्पष्टीकरणच चुकीचं आहे, आणि ते मुलांच्या आकड्यांनी उघडं पाडलं.

प्रयोग पुन्हा करा आणि या वेळी सगळ्यांना ज्योतीकडे व पाण्याकडे एकदम बघायला सांगा. मेणबत्ती जळत असते तोवर पाणी फारसं हलत नाही. ती विझते आणि मग पाणी भराभर वर येतं. ऑक्सिजन खर्च होतो म्हणून पाणी चढत असतं, तर मेणबत्ती जळतानाच ते हळूहळू चढायला हवं होतं.

ग्लास ज्योतीवर येतो तेव्हा आतली हवा तापून पसरते आणि थोडी कडेने बाहेर निसटते. पाण्यात साबणाचे दोन थेंब टाकले तर काठाशी येणारे बुडबुडे छान दिसतात. ज्योत विझल्यावर उरलेली हवा गार होऊन आकसते, आतला दाब कमी होतो आणि बाहेरची हवा पाण्याला आत ढकलते. जळताना तयार झालेली वाफ काचेवर धुक्यासारखी जमते, त्यानेही थोडी जागा होते. ऑक्सिजन तर संपतही नाही! हवेत तो २१ टक्के असतो. साधारण १६ टक्क्यांवर आला की मेणबत्ती विझते. शिवाय खर्च झालेल्या ऑक्सिजनच्या बदल्यात कार्बन डायऑक्साइड तयार झालेला असतो. ज्या गटाने ग्लास ज्योतीवर क्षणभर धरून मग खाली टेकवला, त्यांच्या ग्लासात आधीच गरम हवा भरली होती, म्हणून त्यांचं पाणी जास्त चढलं असणार.

हे मुलांना सांगू नका, त्यांनाच तपासू द्या. ताटलीत १ सेंमी रंगीत पाणी, ३-४ सेंमी उंचीच्या मेणबत्त्या, त्यांच्याहून बराच उंच ग्लास. ग्लासच्या काठाखाली दोन नाणी ठेवा, नाहीतर काठ ताटलीला घट्ट बसतो आणि पाण्याला आत शिरायला वाट राहत नाही. आधी एक मेणबत्ती लावून पाण्याची खूण करा. मग ग्लास गार करून, आतली हवा बदलून, तीन मेणबत्त्या लावा. पाणी कुठवर येईल याचा अंदाज प्रत्येकाने आधी वहीत लिहायचा. तीन मेणबत्त्यांनी पाणी जास्त चढतं. ग्लास तोच, ऑक्सिजनही तेवढाच, मग फरक कशाने पडला? या प्रश्नावर वर्गाला भरपूर वेळ द्या. मेणबत्त्या पेटवण्याचं काम मात्र मोठ्यांनीच करावं.

एक पंचमांश खरोखर दाखवायचा असेल तर गंजणाऱ्या लोखंडाचा प्रयोग करा. परीक्षानळी आतून ओली करा, त्यात लोहकीस भुरभुरवून आतल्या बाजूला चिकटू द्या, सुटा कीस झटकून टाका आणि नळी पाण्यात उपडी उभी करा. दोन-तीन दिवसांत लोखंड नळीतल्या हवेतला ऑक्सिजन घेऊन गंजतं, पाणी नळीच्या साधारण पाचव्या हिश्शापर्यंत चढतं आणि तिथेच थांबतं. १५ सेंमीच्या नळीत हे अंतर सुमारे ३ सेंमी भरतं. लोहकिसाऐवजी भांडी घासायची स्टेनलेस तार घेतली तर हाती काही लागत नाही, कारण ती गंजत नाही.

प्रश्न : दुसरीतल्या मुलीने काचेच्या ग्लासात वालाच्या बिया लावल्या. चार दिवसांत वास सुटला, बुरशी आली. पाणी तर रोज घालत होतो.

उत्तर : पाणीच जास्त झालं. बीला श्वास घ्यायला हवा लागते. ती पाण्यात बुडून राहिली की कुजते. अख्ख्या, न फुटलेल्या दहा बिया ८-१० तास भिजवून निथळून घ्या. ग्लासच्या आत टिपकागद गोल लावा, मधल्या पोकळीत चुरगळलेला कागद भरा आणि कागद व काच यांच्यामध्ये, ग्लासच्या निम्म्या उंचीवर, बिया अडकवा. पाणी तळाशी फक्त १ सेंमी ठेवा, कागद ते वर ओढून घेतो. पाणी रोज बदला, मऊ पडलेली बी लगेच काढा, वर झाकण नको. पेरणीसाठी मिळणारं रंगीत बियाणं मुलांच्या हातात देऊ नका. त्याला बुरशीनाशक चोळलेलं असतं.

मुळं २ सेंमीची झाली की तळाचं पाणी ओतून टाका आणि ग्लास आडवा ठेवा, कागद ओलसर राहील एवढं बघा. एका दिवसात मुळांची टोकं पुन्हा खाली वळलेली दिसतात. ग्लासवर तारीख घालून रोज मूळ जिथवर आलं तिथे पेनाने रेघ मारत गेलात तर वेगळी नोंदवही लागत नाही.

प्रश्न : सेल नवा, वायर नवी, तरी बल्ब लागत नाही.

उत्तर : मोटरच्या गुंडाळीची तांब्याची तार वापरली असेल तर तिच्यावर लाखेसारखा पातळ थर असतो. दोन्ही टोकं पॉलिश पेपरने घासून चकचकीत करा. दुसरी नेहमीची गफलत म्हणजे दोन्ही तारा बल्बच्या बुडालाच टेकवणं. एक तार बुडाच्या टिकलीला आणि दुसरी बाजूच्या आट्यांना लागायला हवी. बल्बवर २.५ व्होल्ट लिहिलं असेल तर १.५ व्होल्टच्या एका सेलवर तो अगदी मंद लागतो, उजेडात कळतही नाही. दोन सेल एकामागे एक लावा. तार गरम लागली तर लगेच सोडवा, कुठेतरी बल्ब वगळून वीज सरळ फिरते आहे.

प्रश्न : अळी पाळली, कोषही झाला. पण फुलपाखराचे पंख चुरगळलेलेच राहिले. दुसऱ्या कोषातून तर भलतीच माशी निघाली!

उत्तर : बाहेर आलेल्या फुलपाखराला पंख खाली सोडून लटकायला जागा हवी, तरच त्यांत द्रव भरून ते पसरतात आणि वाळतात. डबा बुटका असेल किंवा भिंती गुळगुळीत असतील तर ते खाली पडतं आणि पंख तसेच कडक होतात. उंच खोका घ्या, त्यात एक खरखरीत काडी तिरकी ठेवा, तोंडाला जाळीचं कापड बांधा. पानं मात्र अळी ज्या झाडावर सापडली त्याच झाडाची, रोज ताजी. केसाळ अळ्यांना हात लावू देऊ नका.

माशी निघाली हे अपयश नव्हे. काही माश्या आणि गांधीलमाशीच्या जातीतले बारीक कीटक अळीच्या अंगात किंवा अंगावर अंडी घालतात. त्यांची पिल्लं तिला आतून खात वाढतात. मुलांना त्या रिकाम्या कोषाचं भोक भिंगातून दाखवा आणि फुलपाखरू निघून गेलेल्या कोषाशी ताडून बघू द्या.