वीज, गॅस, पाणी एकमेकांवर अवलंबून असतात, मग एक बंद पडलं की सगळंच बंद पडू नये म्हणून काय करायचं?

आधी कोण कुणावर अवलंबून आहे ते लिहून काढा. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासात तिथेच घात झाला. कडाक्याच्या थंडीत गॅसच्या विहिरी, वीजकेंद्रं गोठली, ग्रिड वाचवायला लोडशेडिंग केलं, आणि त्यात गॅस पाईपमधून पुढे ढकलणाऱ्या कॉम्प्रेसरचीच लाईट गेली कारण बऱ्याच कंपन्यांची अत्यावश्यक ग्राहक म्हणून नोंदच नव्हती, मग गॅस अजून कमी, वीज अजून कमी, पाण्याचाही दाब पडला. सरकारी आकडा २४६ मृत्यूंचा आहे, वाचूनच त्रास होतो.

म्हणून या सगळ्या खात्यांनी दरवर्षी एकत्र बसून ती यादी तपासायलाच हवी. हॉस्पिटलच्या जनरेटरचं डिझेल किती तास पुरतं आणि ते जिथून आणायचं तो पंप लाईट नसताना चालतो का, हेही त्यातच बघा.