उतारवय, मेंदू आणि प्रथिनांचा डबा

प्रश्न: चौऱ्याहत्तर वर्षांच्या सासूबाई रोज तलावपाळीला फेरी मारतात, पण हल्ली किल्ल्या ठेवलेली जागा विसरतात. वयोमानाने मेंदूत प्रथिने नीट तयार होत नाहीत, असे वाचले. त्यांना प्रोटीन पावडर द्यावी का?
– एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर: पावडरीची घाई नको. आहारातील प्रथिने पचनात अमिनो आम्लांत मोडतात आणि मेंदूतील पेशी त्यांपासून आपली प्रथिने स्वतःच घडवतात. डब्यातले प्रथिन थेट मेंदूत पोहोचत नाही, जाहिरात काहीही सांगो. हे घडवण्याचे काम पेशीतील सूक्ष्म यंत्राचे, म्हणजे रायबोसोमचे असते. संदेशवाहक आरएनएवरील, म्हणजे प्रथिनाची कृती घेऊन येणाऱ्या रेणूवरील, क्रमानुसार, माळेत मणी ओवावेत तसे, तो एकेक आम्ल जोडत जातो. किलीफिश या अल्पायुषी माशावरील, २०२५ मध्ये ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, म्हाताऱ्या माशांच्या मेंदूत हे रायबोसोम अडखळतात, विशेषतः लायसिन व आर्जिनिनसारखी आम्ले दाटीने येतात तिथे, असे दिसले, त्यामुळे संदेश पुरेसा असूनही काही प्रथिने कमी पडतात. अर्थात, मासा म्हणजे सासूबाई नव्हेत. किल्ल्या विसरणे अनेकांना होते. तलावपाळीहून घराची नेहमीची वाट चुकू लागली, तर मात्र मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवावे. बी-१२ आणि थायरॉइडची रक्ततपासणी आताच करून घेण्यास हरकत नाही.